मोटारबोटीचे इंजिन व पंखा : बिघाडाच्या शोधाचा इतिहास आणि खानदेशचा अनुभव

प्रस्तावना

खानदेशच्या इतिहासात नदी सर्वत्र आहे. नौका मात्र अपवादानेच दिसते. मुलताईजवळ उगम पावलेली तापी पूर्वेकडून या प्रदेशात शिरते, चांगदेव येथे पूर्णेला, मुडावद येथे पांझरेला आणि प्रकाशा येथे गोमाईला भेटून पुढे गुजरातेत जाते. या संगमांवर देवालये उभी राहिली, यात्रा भरल्या, बाजारपेठा वाढल्या. परंतु बंदरे निर्माण झाली नाहीत. नावेचा उपयोग मुख्यत्वे पावसाळ्यात या काठावरून त्या काठाला जाण्यापुरता राहिला. नदीच्या लांबीने चालणारी यांत्रिक जलवाहतूक येथे रुजली नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धरणे व बॅरेज यांमुळे हे चित्र पालटले. खोल व स्थिर पाण्याचे विस्तीर्ण साठे निर्माण झाले आणि त्यांवर मोटारबोटी आल्या. त्यांपैकी काही अन्यत्र वापरून झालेल्या व नव्याने डागडुजी केलेल्या असतात. अशी बोट बंद पडली किंवा तिचा वेग कमी झाला की दोष प्रथम इंजिनावर येतो. असे का घडते आणि ते कितपत योग्य आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. खानदेशात इंजिनाच्या ज्ञानाची परंपरा जुनी आणि सकस आहे. परंतु पंख्याच्या ज्ञानाची परंपरा येथे निर्माण होण्यास ऐतिहासिक संधीच मिळाली नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. येथे ‘पंखा’ हा शब्द बोटीच्या मागील बाजूस पाण्याखाली फिरणाऱ्या प्रोपेलरसाठी वापरला आहे.

खानदेशातील इंजिनाची परंपरा

तापीचे खानदेशातील पात्र जलवाहतुकीस अनुकूल नव्हते. उंच व उभे काठ, ठिकठिकाणी उघडे पडणारे खडक, उन्हाळ्यात आटणारा प्रवाह आणि पावसाळ्यात अचानक येणारे पूर ही त्याची कारणे होत. त्यातच एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळमार्गे पुढे गेली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरतेची वाट खुली केली. कापसाच्या गाठींना वाहतुकीचे साधन मिळाले आणि नदीमार्गाचा विचार करण्याचे कारण उरले नाही.

मात्र या रेल्वेनेच खानदेशात यंत्रविद्या आणली. भुसावळ हे वाफेच्या इंजिनांचे मोठे केंद्र बनले. जळगावची कापडगिरणी १८७० च्या दशकातील आहे. पुढे अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली आणि गावोगावी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. या ठिकाणी बॉयलर, पट्टे, शाफ्ट, बेअरिंग हे शब्द कामगारांच्या नित्य बोलण्यात आले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाल्यानंतरच्या काळात डिझेलवर चालणारे इंजिन विहिरीवर व नदीकाठावर पोहोचले. रावेर-यावल पट्ट्यातील केळी आणि गिरणाकाठचा ऊस यांना पाणी देताना शेतकऱ्यांच्या दोन पिढ्या इंजिनाच्या आवाजावरून त्याची प्रकृती ओळखावयास शिकल्या. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, वीज शिवारात गेली आणि विजेच्या पंपांनी ऑइल इंजिनाची जागा हळूहळू घेतली. तरी ते ज्ञान नाहीसे झाले नाही. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या दुरुस्तीतून ते टिकून राहिले.

या परंपरेतील इंजिन जमिनीवर घट्ट रोवलेले होते. गव्हर्नरच्या साहाय्याने ते ठरावीक फेऱ्यांवर चाले आणि त्यावरील भार बहुधा फारसा बदलत नसे. असे इंजिन धूर ओकू लागले तर दोष इंधनात, हवेत किंवा इंजिनाच्या अंतर्भागात असणार, हा निष्कर्ष बहुतेक वेळा बरोबर ठरे. पाण्यावर मात्र हा नियम अपुरा पडतो.

पंख्याचा इतिहास : तीन प्रसंग

पंख्याच्या विकासाचा इतिहास पाहता असे दिसते की, त्यातील महत्त्वाचे शोध बिघाडातून लागले आहेत. येथे तीन प्रसंगांचा विचार पुरेसा आहे.

पहिला प्रसंग इंग्लंडमधील फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांचा. त्यांनी १८३६ मध्ये मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले. त्यांच्या प्रायोगिक बोटीला दोन पूर्ण वेढ्यांचा लाकडी स्क्रू होता. १८३७ मध्ये कालव्यात चाचणी चालू असता तो आदळून मोडला व जवळजवळ निम्माच उरला. बोट थांबेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती अधिक वेगाने धावू लागली. पंखा जेवढा मोठा तेवढा उत्तम, ही समजूत त्या अपघाताने खोटी ठरविली.

दुसरा प्रसंग १८४५ मधील. पंख्यावर चालणारे ‘रॅटलर’ आणि बाजूच्या चाकांवर चालणारे ‘अलेक्टो’ ही ब्रिटिश नौदलाची साधारण समान शक्तीची जहाजे शेपटीला शेपटी बांधून विरुद्ध दिशांना चालविण्यात आली. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला अडीच नॉटहून अधिक वेगाने मागे ओढत नेले. शक्ती समान असूनही ती पाण्याला कोणत्या साधनाने दिली जाते यावर फळ अवलंबून असते, हे या स्पर्धेने सर्वांसमोर आणले.

तिसरा प्रसंग आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. १८९३ मध्ये ‘डेअरिंग’ या वेगवान युद्धनौकेला अपेक्षित वेग मिळेना. इंजिनाची शक्ती पुरेशी होती. अखेर पंख्याची पाती रुंद केल्यावर वेग वाढला. पात्यांवरील दाब फार कमी झाल्याने पाण्याची तेथेच वाफ होऊन पोकळ्या निर्माण होतात व पंख्याची पकड सुटते, हे त्याचे कारण होते. या घटनेला ‘कॅव्हिटेशन’ हे नाव मिळाले. पुढील वर्षी चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या वाफेच्या टर्बाइनवरील नौकेलाही हाच अनुभव आला. एका शाफ्टवर ती सुमारे २० नॉटच्या पुढे जाईना. पार्सन्स यांनी लहान टाकीत गरम पाणी भरून त्यात पंखा फिरविला आणि पोकळ्या प्रत्यक्ष पाहिल्या. त्यानंतर तीन शाफ्ट व प्रत्येकावर तीन पंखे अशी रचना केली. जून १८९७ मध्ये स्पिटहेड येथील नौदल संचलनात ‘टर्बिनिया’ ३४ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटर वेगाने धावली. इंजिन निर्दोष होते. दोष पाण्याखाली होता.

भारतातही नौकेच्या इंजिनाची विद्या लवकर आली. मुंबईच्या वाडिया घराण्यातील अर्देशीर करसेटजी यांनी १८३३ मध्ये ‘इंडस’ या लहान जहाजावर वाफेचे इंजिन बसविले. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. परंतु ही विद्या गोदी आणि किनारा यांच्या आश्रयाने वाढली. घाट ओलांडून ती खानदेशात येण्याचे प्रयोजन नव्हते.

एका जुन्या बोटीचा अभ्यास

हा ऐतिहासिक फरक प्रत्यक्ष व्यवहारात कसा प्रकट होतो, हे प्रस्तुत लेखकास तापीवरील एका बॅरेजच्या जलाशयात पाहावयास मिळाले. किनारपट्टीवर अनेक वर्षे वापरलेली एक लाकडी मोटारबोट मालकाने विकत आणून दुरुस्त केली होती. फळ्या बदलल्या, रंग दिला, डिझेल इंजिन पूर्ण उघडून बांधले. मूळ पंखा झिजलेला असल्याने त्याच व्यासाचा दुसरा पंखा बसविला. पाण्यात सोडताच तीन तक्रारी सुरू झाल्या. धक्क्यावर व्यवस्थित चालणारे इंजिन लाटांत बंद पडे; जोर दिला की काळा धूर येई; आणि संपूर्ण बोट थरथरे. इंजेक्टर दोनदा तपासून झाले, इंधनपंप एकदा. तक्रारी कायम राहिल्या.

शेवटी ज्या वृद्ध मेस्त्रींना बोलाविले, त्यांचे आयुष्य ऑइल इंजिने दुरुस्त करण्यात गेले होते. बोटीचे काम त्यांनी कधी केलेले नव्हते. त्यांनी गिअर न टाकता इंजिन पूर्ण जोराने चालवून पाहिले. ते २,४०० फेऱ्यांपर्यंत सहज गेले व धूर स्वच्छ राहिला. गिअर टाकताच इंजिन १,८५० फेऱ्यांवर अडले आणि काळा धूर सुरू झाला. मेस्त्री अहिराणीत एवढेच म्हणाले, “इंजिनले काही व्हयेल नही, वझं जास्त शे.” इंजिनाला काहीही झालेले नाही, ओझे जास्त आहे. त्यांच्या या वाक्याने तपासाची दिशा बदलली.

काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी असणे. गाळणी तुंबल्याने हे होऊ शकते, तसेच भार अधिक झाल्यानेही होते. (पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचा किंवा पाण्याचा, तर निळसर धूर वंगण जळत असल्याचा सूचक असतो.) भाराविना धूर स्वच्छ आणि भारासह काळा, यावरून संशय पंख्याकडे वळला. पंख्याला दोन मापे असतात. एक व्यास आणि दुसरे पिच, म्हणजे घसर न होता एका फेरीत पंखा जितका पुढे जाईल ते अंतर. नव्या पंख्याचा व्यास जुळविला होता. पिच कोणी मोजलेच नव्हते, कारण त्यावरील आकडे पुसट झाले होते.

पिच मोजण्याची रीत सोपी आहे. पंखा सपाट टेबलावर ठेवून, केंद्रापासून ठरावीक अंतरावर पात्याच्या दोन कडांची टेबलापासूनची उंची घ्यावी. उंचीतील फरकाला ३६० ने गुणून त्या दोन कडांमधील कोनाने भागावे. या पंख्याच्या बाबतीत ६० अंशांत अडीच इंचांचा फरक होता. म्हणजे पिच १५ इंच. किनाऱ्यावरील कारागिराकडे पाठवून ते १२ इंच करून आणल्यावर इंजिन जवळजवळ पूर्ण फेऱ्यांवर गेले आणि काळा धूर थांबला. येथे स्मिथ यांच्या मोडलेल्या स्क्रूची आठवण होते. पंखा लहान केल्याने बोट चांगली धावू लागली.

यानंतर पंख्याच्या कामाचा हिशेबही मांडता आला. गिअरमुळे शाफ्टच्या फेऱ्या इंजिनाच्या निम्म्या, म्हणजे मिनिटाला सुमारे १,२००. पिच एक फूट. म्हणजे घसर नसती तर वेग ताशी सुमारे २१.९ किलोमीटर झाला असता. प्रत्यक्षात तो १३ भरला. घसर सुमारे ४१ टक्के. जड व संथ बोटीत एवढी घसर अस्वाभाविक नाही. महत्त्व या आकड्याला नसून त्याच्या नोंदीला आहे. पुढे कधी फेऱ्या त्याच राहून वेग घटला, तर पंख्याला शेवाळ, जाळ्याचा दोर किंवा मोडलेली कड असल्याची पहिली खूण याच नोंदीतून मिळेल.

उरलेल्या दोन तक्रारींची कारणे वेगळी निघाली. लाटांत इंजिन बंद पडण्याचे कारण इंधनाच्या जुन्या टाकीत होते. दुरुस्तीच्या वेळी इंजिन उघडले, पण टाकी धुतली नाही. तळाशी साचलेला गाळ व पाणी बोट डुलताच ढवळून फिल्टरमध्ये येत असे. धक्क्यावर बोट स्थिर असल्याने हा दोष तेथे कधीच दिसला नसता. टाकी साफ करून, फिल्टर बदलून व इंधननळीतील हवा काढून टाकल्यावर ती तक्रार संपली. थरथर मात्र गिअर काढल्याबरोबर थांबत असे; म्हणजे तिचे मूळ गिअरच्या मागे होते. इंजिन व शाफ्ट यांची सरळ रेषा बोट जमिनीवर असताना जुळविली होती. लाकडी बोट पाण्यात उतरली की फळ्या फुगतात आणि तिचा आकार किंचित बदलतो. म्हणून कपलिंगच्या दोन तबकड्यांमधील फट बोट पाण्यात काही दिवस राहिल्यानंतर फीलर गेजने पुन्हा तपासावी लागते. तबकडीच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे फटीत एक सहस्रांश इंचाहून अधिक फरक नसावा, असा सर्वसाधारण नियम आहे. येथे तो फरक त्याच्या कित्येक पट होता.

या अनुभवातून तपासाचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम भाराविना इंजिन पाहावे, नंतर भारासह. फरक दिसला तर गिअरच्या मागे जावे. न दिसला तर इंधन, हवा व थंडावा या क्रमाने इंजिनाकडे यावे. थंडाव्याच्या बाबतीत बाहेरील पाणी खेचणाऱ्या पंपातील रबरी चक्र हे जुन्या बोटीचे दुबळे स्थान असते. पाण्याविना ते काही मिनिटांतच जळते आणि बोट दीर्घकाळ उभी राहिली तर त्याची पाती वाकलेल्या अवस्थेतच ताठरतात. तापीच्या गाळाच्या पाण्यात व पाणवनस्पतींत ते तुंबण्याचा धोका अधिक. बोट किनाऱ्यावरून गोड्या पाण्यात आली असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. खाऱ्या पाण्यात धातूचे रक्षण करणाऱ्या जस्ताच्या वड्यांवर गोड्या पाण्यात निष्क्रिय थर चढतो. तेथे मॅग्नेशियमच्या वड्या योग्य ठरतात. समुद्रात बराच काळ राहिलेल्या पंख्याचा रंग तांबूस-गुलाबी दिसत असेल, तर मिश्रधातूतील जस्त निघून जाऊन पाती ठिसूळ झाली आहेत असे समजावे.

पंपाच्या अनुभवाचे नवे मोल

खानदेशच्या मेस्त्रींना पंख्याची भाषा सर्वस्वी परकी आहे असे मात्र नव्हे. विहिरीची पातळी खाली गेली की पंप हवा धरतो, इंजिन हलके होऊन सुसाट फिरते आणि पाणी येत नाही, हे येथील प्रत्येक शेतकऱ्याने अनुभवले आहे. बोटीचा पंखा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आला किंवा वळणावर हवा ओढू लागला की नेमके हेच घडते. पंप पाण्यापासून फार उंचावर बसविला तर त्यात खडे वाजल्यासारखा आवाज येतो व चक्राला खड्डे पडतात. ‘टर्बिनिया’च्या पंख्याचे दुखणे याच जातीचे होते. म्हणजे ज्ञानाचा पाया येथे आहे. त्याला पाण्याखालच्या अर्ध्या भागाची जोड देणे एवढेच बाकी आहे. वर उल्लेखिलेल्या वृद्ध मेस्त्रींनी बोटीचे काम केलेले नसतानाही दोषाची दिशा ओळखली, ती याच पायाच्या बळावर.

नर्मदाकाठचा संदर्भ

हा विषय केवळ हौशी बोटमालकांचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. जुन्या धुळे जिल्ह्याचा उत्तर भाग १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्हा म्हणून ओळखला जातो. तेथील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात येतात. सातपुड्याच्या उतारावरील पायवाटा पाण्याखाली गेल्यावर तेथे उरलेल्या पाड्यांसाठी बोट हाच रस्ता झाला. बाजार, शाळा व दवाखाना हे सर्व बोटीवर अवलंबून राहिले. तरंगता दवाखाना आणि रुग्णांना नेणाऱ्या बोटी यांची गरज त्यातूनच निर्माण झाली. १५ जानेवारी २०१९ रोजी धडगाव तालुक्यातील भुषा गावाजवळ संक्रांतीनिमित्त निघालेल्या भाविकांची बोट उलटून जीवितहानी झाली. क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसल्याचे तेव्हा समोर आले. ही दुर्घटना इंजिनाच्या बिघाडाची नव्हती. परंतु बोट, भार आणि पाणी यांचा एकत्र विचार न करण्याची किंमत काय असते, हे तिने दाखविले. अशा जलाशयात बुडालेल्या झाडांचे बुंधे पंख्याला लागतात, पातळी सतत बदलते आणि जवळ दुरुस्तीचा धक्का नसतो. रुग्ण घेऊन निघालेल्या बोटीची पंख्याची पिन तुटणे आणि पंपाचे इंजिन बंद पडून केळीची एक पाळी चुकणे, या दोन घटना एका तराजूत तोलता येत नाहीत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. (१) खानदेशात रेल्वे, गिरणी व ऑइल इंजिन यांमुळे यंत्रदुरुस्तीची समृद्ध परंपरा निर्माण झाली; नदीची प्रकृती आणि रेल्वेचे आगमन यांमुळे तिला नौकानयनाची जोड मिळाली नाही. (२) यांत्रिक नौकेत इंजिन, शाफ्ट, पंखा, बोटीचे अंग आणि पाणी ही एकच साखळी असते. भार टाकून व काढून पाहणे ही दोष शोधण्याची पहिली पायरी होय. (३) पंख्याचा व्यास, पिच, फेऱ्या व वेग यांची लेखी नोंद प्रत्येक बोटीसोबत असणे आवश्यक आहे; जुन्या बोटीच्या बाबतीत तर ती नोंद हाच तिचा इतिहास असतो. (४) जलाशयाकाठच्या तालुक्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी डिझेल मेकॅनिकच्या अभ्यासात पंखा व शाफ्ट यांचा समावेश केल्यास, आणि महाविद्यालयांनी वृद्ध मेस्त्रींच्या ज्ञानाचे मौखिक दस्तऐवजीकरण केल्यास, ही उणीव भरून निघू शकेल.

धरणांनी खानदेशचा भूगोल एका पिढीच्या अवधीत बदलला. माणसांच्या हातातील कसब त्याच गतीने बदलत नाही. ते शिकवावे लागते. ज्या मेस्त्रींनी एका वाक्यात त्या बोटीचा दोष सांगितला, त्यांच्या पिढीतील माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्याकडून शिकून घेण्यास फार अवधी उरलेला नाही.